कोकण कपिला: तबेल्याबाहेरची गाय

गोरेगावच्या आरे वसाहतीत 1949पासून दूधदुभत्याचा कारभार चालतो, पण तबेल्यांत दावणीला दिसतात त्या मुऱ्हा आणि जाफराबादी म्हशी, म्हणजे मूळच्या हरियाणा-गुजरातच्या. ठाणे-पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची इथली गाय ती कोकण कपिला. चणीने लहान, बेताच्या चाऱ्यावर तग धरणारी. तिचे बैल धो धो पावसात भातखाचरात चिखलणी करायचे. दूध मात्र थोडं, त्यामुळे मुंबईच्या हिशेबात ती कधी बसलीच नाही. पुढे पॉवर टिलर आले आणि बैलांचंही काम गेलं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, हे बरं झालं. जात टिकवायचा मार्गही आहे: वळूचं वीर्य उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं. पण त्यासाठी आधी शुद्ध वळू हुडकावा लागतो, आणि मोकाट चरणाऱ्या मिश्र कळपात तो ओळखणं सोपं नाही.