टाचदुखीवर थंडाव्याचे साधन : घडण आणि मर्यादा

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकताच टाचेत खिळा रुतावा तशी कळ येणे, ही तक्रार अनेक कुटुंबांच्या परिचयाची आहे. मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतीत कठीण लादीवर तासन्‌तास उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या गृहिणी, लोकलमधून उभ्याने प्रवास करणारे नोकरदार आणि रुग्णालयात पाळी करणाऱ्या परिचारिका यांना ती विशेष छळते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात जाड तंतूंचा एक पट्टा असतो. त्यावर वारंवार ताण आल्याने होणाऱ्या या विकाराला वैद्यकशास्त्र ‘प्लांटर फॅसिआयटिस’ म्हणते. सुमारे दहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी तरी तो गाठतो.

थंडाव्याने वेदना का शमते? त्वचा व तिच्याखालील भाग गार झाला की मज्जातंतूंमधून वेदनेचा संदेश मंद गतीने जातो आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेम्स अरनॉट या इंग्रज डॉक्टरांनी बर्फाचा चुरा व मीठ यांच्या मिश्रणाने शरीराचा भाग बधिर करण्याची पद्धत प्रचारात आणली. मिठागरांच्या भाईंदर परिसरातील वाचकांना यातील मर्म सहज उमगेल. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. म्हणूनच कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो. असे मिश्रण शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकते.

आजचा जेल पॅक याच तत्त्वावर आधारलेला आहे. पाण्यात गोठणबिंदू खाली आणणारा व घट्टपणा देणारा पदार्थ मिसळला की पिशवी फ्रीझरमध्येही लवचिक राहते आणि टाचेच्या गोलाईला बिलगते. परंतु येथेच धोकाही दडलेला आहे. वितळणारा बर्फ शून्य अंशावरच राहतो, तर फ्रीझरमधून नुकताच काढलेला जेल पॅक शून्याखाली १८ अंशांच्या आसपास असू शकतो. तो उघड्या त्वचेवर ठेवल्यास हिमदाह होऊ शकतो.

दाबताच गार होणाऱ्या पिशवीत अमोनियम नायट्रेट किंवा युरिया पाण्यात विरघळतो आणि विरघळताना उष्णता शोषून घेतो. तथापि अमोनियम नायट्रेट स्फोटकांतही वापरले जात असल्याने भारतात २०१२च्या नियमांनी त्याची साठवण व विक्री परवान्याखाली आणली आहे.

याचा अर्थ असा, की नवे साधन घडवू इच्छिणाऱ्याची कसोटी थंडी निर्माण करण्यात नसून ती आवरण्यात आहे. टाचेला बसेल असा आकार, मधला कापडी थर आणि ठरावीक वेळेनंतर दूर करण्याची सोय, हे खरे संशोधन होय. १९७०च्या पेटंट कायद्यानुसार उपचाराच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. नवीन, उपयुक्त व सहज न सुचणाऱ्या साधनाला मात्र मिळू शकते.

थंडावा वेदना शमवतो, विकार बरा करीत नाही. दुखापतीनंतर विश्रांती व बर्फ यांचा पुरस्कार १९७८ मध्ये करणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये कबूल केले, की बर्फाने भरून येण्याची क्रिया लांबू शकते. टाचदुखीत पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायाम, मऊ तळाची पादत्राणे आणि वजनावर नियंत्रण हेच मूळ उपाय होत. बहुतेकांना शस्त्रक्रियेविना आराम पडतो, मात्र त्याला काही महिने लागतात.

मधुमेहींनी विशेष सावध राहावे. त्यांच्या पायांची संवेदना पुष्कळदा मंदावलेली असते. कुष्ठरुग्णांच्या पायांवरील जखमा मुख्यतः संवेदना हरपल्याने होतात, हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती मुळातच क्षीण असेल, तर बर्फाने त्वचा जळत असल्याचेही कळणार नाही. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थंडाव्याचा कोणताही प्रयोग करू नये.

इतरांसाठी घरगुती साधन सोपे आहे. प्लास्टिकची लहान बाटली पाऊण भरून गोठवावी. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून वर जागा ठेवावी. पातळ फडक्यात गुंडाळून ती बसल्या जागी तळव्याखाली दहा ते पंधरा मिनिटे फिरवावी. उभे राहून तिच्यावर भार देऊ नये. सहा आठवड्यांत उतार न पडल्यास, तसेच सूज, ताप किंवा बधिरपणा जाणवल्यास, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.