गोळी पेंड कोरडी ठेवा

आपल्या हिंगोली जिल्ह्यात ज्वारी, तूर, सोयाबीन पिकते. कापूसही होतो. ज्वारीचा कडबा जनावरांच्या वाट्याला येतो. पण नुसत्या कडब्यावर दूध वाढत नाही. त्याला खुराकाची जोड लागते.

खुराकाचा भरडा पुढे ठेवला, की गाय निवडून खाते. आवडेल ते उचलते, नावडते ते तसेच टाकते. भुगाही वाऱ्यावर उडतो. म्हणून भरडा दाबून त्याच्या गोळ्या करतात. हीच गोळी पेंड. दर गोळीत सगळे जिन्नस सारखे येतात.

दुभत्या जनावरासाठी 100 किलो पेंड करायची, तर हिशेब असा धरू या :

ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा 35 किलो,
सरकीची पेंड 30 किलो,
गव्हाचा कोंडा 20 किलो,
तुरीची चुनी 12 किलो,
खनिज मिश्रण 2 किलो,
मीठ 1 किलो.

हे सारे दळून नीट कालवावे. किंचित ओल देऊन यंत्रात घालावे. यंत्राच्या भोकांतून गोळ्या बाहेर पडतात.

खरी काळजी यापुढेच आहे. ताजी गोळी गरम आणि ओलसर असते. ती तशीच पोत्यात भरली, तर आत घाम सुटतो आणि बुरशी येते. काही बुरशींपासून विष तयार होते. 1960 साली इंग्लंडात भुईमुगाची बुरसलेली पेंड खाऊन एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. त्यातून या विषाचा शोध लागला. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते गाई-म्हशींच्या दुधातही उतरते. तेच दूध आपली लेकरं पितात! वरची बुरशी झटकली, पेंड उन्हात घातली, तरी विष पुरते जात नाही. अशी पेंड पुरून टाकावी. पैसे गेले तरी चालतील, पण ती जनावराला घालू नये.

म्हणून एवढे करू या. गोळ्या सावलीत पातळ पसरून पार थंड व कोरड्या होऊ द्याव्या. मगच पोती भरावी. पोती जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर ठेवावी. भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. छप्पर गळतं का, ते पावसाआधी बघावं. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांपुरतीच पेंड करावी. जुनं पोतं आधी, नवं मागून.

रोज घालताना मूठभर गोळ्या हातात घ्याव्या. कट्कन मोडल्या तर ठीक. मऊ लागल्या, कुबट वास आला, तर हात आवरावा. गाईला बोलता येत नाही. तिच्या वतीने आपणच पारखून घ्यायचे.