देज दिलेला मुखवटा

अंगोलाच्या ईशान्येकडचा लुंडा प्रदेश, काँगोचा दक्षिण भाग आणि झांबियाचा वायव्य कोपरा या पट्ट्यात चोक्वे लोक राहतात. 'प्वो' मुखवटा घडवून घेणारा चोक्वे नर्तक पूर्वी कारागिराच्या हातात पितळेचं कडं ठेवायचा. ती मजुरी नव्हे, देज. लाकडाच्या बाईशी त्याचं लग्नच लागायचं म्हणा ना! तो वारला की मुखवटाही त्याच्याबरोबर मातीत जायचा.

प्वो म्हणजे बाई, कुळाची पूर्वजा. अलीकडे 'म्वाना प्वो', म्हणजे तरुण मुलगी, असंही म्हणतात. कारागीर चेहरा नुसता मनाने रचत नाही. एखादी देखणी बाई हेरायची, तिचे केस, तिच्या कातडीवरच्या खुणा न्याहाळायच्या आणि मग वाकसाने लाकूड तासायचं. तेल आणि तांबडी माती माखली की लाकडाला कातडीची कळा येते. डोळे खोल खोबणीत, जवळजवळ मिटलेले. दात टोकदार, कारण घासून अणकुचीदार केलेले दात तिथे सौंदर्याचं लक्षण. डोळ्यांखाली 'मासोजी', अश्रूंच्या खुणा. कपाळावर 'चिंगेल्येंगेल्ये' हा क्रूस. पोर्तुगीजांमागून आलेल्या कापुचिन पाद्र्यांनी १७व्या शतकात वाटलेल्या पत्र्याच्या पदकांवरून तो आला, असं काही अभ्यासक मानतात. गोव्यातल्या वाचकाला हे पटायला वेळ लागू नये.

नाचतो मात्र पुरुषच. अंगभर धाग्यांचा विणलेला घट्ट पोशाख, त्यावर लाकडी स्तन, आणि ठुमका उठून दिसावा म्हणून कमरेला जड गाठोडं. पावलं छोटी, तोलून टाकलेली. समोर गावातल्या बायका. बाईचं सोंग बायकांपुढेच वठवायचं. याहून कडक परीक्षक कुठले मिळणार?

मुलांची सुंता करून त्यांना गावाबाहेर ठेवतात, त्या 'मुकांडा'शी या मुखवट्यांचं नातं आहे. तिथले पुष्कळ मुखवटे काटक्यांच्या सांगाड्यावर सालीचं कापड ताणून, राळ थापून केलेले असतात. मुकांडा संपला की ते जाळतात. लाकडी प्वो मागे उरते.

उरते म्हणूनच ती परदेशी संग्रहालयांत पोचली. काचेमागे नुसता चेहरा. पोशाख नाही, कंबर नाही. मला ती अर्धीच वाटते. त्यातून मुखवटा जुना असला की मनात येतं, हिला तर नर्तकाबरोबर पुरायचं होतं.

अंगोलातही दुंदो इथे हिऱ्यांच्या कंपनीने १९३६ मध्ये संग्रहालय काढलं. यादवी युद्धाच्या काळात तिथल्या वस्तू चोरीला गेल्या आणि युरोपच्या बाजारात निघाल्या. संग्राहक सिंदिका डोकोलो यांच्या खटपटीने २०१६ मध्ये त्यांतले दोन प्वो मुखवटे अंगोलाला परत मिळाले.