वेळेच्या मापाचं काम

पहाटे ५:२०

या वेळात सुईला हात लावायचा नाही, हा माझा पक्का नियम. कुकर, दोन डबे, सासूबाईंचा म्हणजे आमच्या आईंचा चहा, लेकीच्या वेण्या. मध्ये दहा मिनिटं मोकळी सापडतातही, पण तेव्हा हात ओले असतात आणि कान शिट्टीकडे. "एवढं सगळं करायला तुला वेळ मिळतो तरी कसा?" असं मला गाडीत, बँकेत, लग्नाकार्यात कायम विचारलं जातं. वेळ कुणालाच मिळत नाही. बँकेतली नोकरी, डोंबिवली ते फोर्ट असा रोजचा प्रवास, शाळकरी मुलगी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची दुखणी, हे सगळं असताना दोन तास सलग कुठून आणायचे? मी एवढंच केलं, की दिवसातल्या लहानमोठ्या सवडी हेरून ठेवल्या आणि प्रत्येक सवडीत बसेल तेवढंच काम तिच्याकडे दिलं. क्रोशा गाडीत, लोकर दवाखान्याच्या बाकावर, गोधडी रात्री जमिनीवर. ही वाटणी माझ्या आवडीनिवडीची नाही. ज्या कामाची घडण जशी, तशी त्याची जागा ठरली.

सकाळी ६:४५

गॅलरीत पाच मिनिटं. आज गाडीत कोणते रंग लागणार ते इथंच ठरवते, कारण दोऱ्याचा खरा रंग दिवसाच्या उजेडातच कळतो. ट्यूबलाइटखाली गडद निळा आणि काळा सारखेच दिसतात, आणि मोतिया रंग पांढऱ्यात मिसळून जातो. गुंडे उन्हात शेजारी शेजारी ठेवायचे, डोळे किलकिले करून बघायचं. जो रंग नको तितका पुढे येतो तो बाजूला. तेवढं झालं की पिशवीत एक सुई, तीन गुंडे, छोटी कात्री. यापेक्षा जास्त काही घ्यायचं नाही. पिशवी जड झाली की ती उघडायचाच कंटाळा येतो.

सकाळी ८:०५

आमची लोकल डोंबिवलीहूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. पण तिघींच्या बाकावर चौथी बसतेच, आणि बसायलाच हवी. तिलाही दादरपर्यंत उभं राहून पाय दुखवून घ्यायचे नसतात. चौघी बसल्या की कोपर बरगडीला चिकटून राहतं. स्वेटरच्या लांब सुया इथं चालत नाहीत, त्या शेजारणीला टोचतात. क्रोशाचं सगळं काम मात्र मनगटात आणि बोटांत. शिवाय क्रोशात कधीही बघा, सुईवर जिवंत टाका एकच असतो. ठाण्याला गर्दी आत शिरली, धक्का बसला, सुई निसटली, तरी दोन-तीन टाके उसवतात, बस्स. दोन सुयांच्या विणकामात साठ-सत्तर टाके एकाच वेळी सुईवर असतात. ती सुई गर्दीत निसटली तर पुढचा आठवडा टाके उचलण्यात जातो.

सध्या चौकोन चालू आहेत, लेकीच्या पलंगावर घालायच्या चादरीसाठी. चार साखळ्यांचा गोल, मग तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब, त्याच्या शेजारी दोन खांब, आणि कोपरा वळायला दोन साखळ्या. असे तीन-तीन खांबांचे चार झुपके झाले की पहिली फेरी संपली. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन झुपके घालायचे, म्हणजे आठ. तिसरीत बारा, चौथीत सोळा. एकदा हे हाताला कळलं की बघावं लागत नाही. मध्येच मी मुद्दाम नजर वर करते आणि नुसत्या बोटांनी खांब चाचपते. तरीही चौकोनाची एक बाजू सहज होते.

समोरच्या काकू भाजी निवडतात, खिडकीतली मुलगी परीक्षेचं वाचते, आणि दारातल्या दोघी आवंढा गिळून घरातलं काहीतरी बोलत असतात. या डब्यात बायकांच्या हाताला आणि मनाला जितकी मोकळीक मिळते तितकी पुष्कळदा घरातही मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

तुकड्यांनी काम करण्याची युक्ती काही माझी नव्हे. १८४०च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं, मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या कितीतरी बायकांनी क्रोशाची लेस विणून चूल पेटती ठेवली. त्या लेसमधली फुलं-पानं सुटी सुटी विणायची आणि शेवटी जाळीनं एकत्र जोडायची अशी रीत होती. त्यामुळे एक गुलाबाचं फूल विणायला पूर्ण दिवस मोकळा असावा लागत नसे. आणि २०१६च्या जानेवारीत चेन्नईत, ठिकठिकाणच्या बायकांनी आपापल्या घरी विणलेले तुकडे जोडून ११,१४८ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट तयार झालं, गिनीज बुकात त्याची नोंद झाली. एवढं मोठं काम कुणा एकीच्या सुट्टीत मावलं नसतं. ते असंख्य बायकांच्या लहान लहान सवडींतून उभं राहिलं.

भायखळा आलं की सुईतला टाका लांब ओढून ठेवते, म्हणजे पिशवीत उसवत नाही, आणि उठते.

दुपारी १:४५

जेवणाच्या सुट्टीतली शेवटची पंधरा मिनिटं. यात नवं काही विणायचं नाही, फक्त टोकं लपवायची. चार रंगांचा चौकोन असला की त्याला दोऱ्याची आठ टोकं लोंबत असतात, आणि ती बोथट सुईनं खांबांच्या आतून आधी एका दिशेला, मग उलट फिरवून पक्की केली नाहीत तर पहिल्याच धुण्यात सुटतात. काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते गप्पांच्या वेळेला द्यायचं.

आज शेजारच्या काउंटरवरची सहकारी क्रोशाचा टॉप घालून आली होती, फार स्वस्तात मिळाला म्हणून खूश होती. मी तिला उलटी बाजू बघायला सांगितली. टोकं हातानं लपवलेली होती. खरा क्रोशा अजून यंत्रावर होत नाही. दुकानात जे मिळतं ते एक तर कुणाच्या तरी हातचं असतं किंवा यंत्रानं केलेली नक्कल. म्हणजे जिथं किंमत इतकी खाली येते, तिथं कुणा बाईच्या तासांना जवळजवळ मोल दिलेलं नसतं. ती थोडी गप्प झाली, मग म्हणाली, "मला शिकवशील का?" उद्या तिच्यासाठी जाडसर सुई आणि फिक्या रंगाचा दोरा आणणार आहे. नवशिक्या हाताला गडद दोऱ्यात टाका दिसत नाही.

संध्याकाळी ५:५०

येताना काम करत नाही. सकाळचा सव्वा तास मनगटाला पुरे होतो. ज्यांना वर्षानुवर्षं विणायचं आहे त्यांनी हात थकायच्या आधी थांबावं. अंगठ्याच्या मुळाशी सुरू झालेलं दुखणं लवकर जात नाही. आज तर वाट वाकडी करून मंगळदास मार्केटला गेले, गोधडीच्या खालच्या बाजूला सुती कापड हवं होतं. कापड हातात घेऊन मुठीत चुरगळायचं आणि सोडायचं. सुती असेल तर सुरकुती राहते. दुकानदार मिसळीचं कापड सुती म्हणून पुढे करतात, पण मूठ खोटं बोलत नाही.

संध्याकाळी ७:३५

आईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी फिजिओकडे आणायचं असतं. त्या आत, मी बाहेर बाकावर. इथं शेजारी कुणी चिकटून बसत नाही, धक्का नाही, उजेड चांगला, आणि वेळ जवळजवळ ठरलेला. म्हणून इथं दोन सुया.

भाचीला नोव्हेंबरात बाळ होईल, त्याचा स्वेटर घेतलाय. १० नंबरच्या सुया, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या. आपल्याकडे सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, नवीन शिकणारी इथं हमखास गोंधळते. खालची पट्टी एक सुलट, एक उलट अशी, म्हणजे ताणली जाते आणि परत जागेवर येते. पुढे अंगाला एक सुई, म्हणजे एक ओळ, सुलट आणि एक सुई उलट. बाळाच्या स्वेटरला मी पुढून बटणंच ठेवते. डोक्यातून घालायचा स्वेटर बाळाला अजिबात आवडत नाही आणि त्याच्या आईचे हात कापतात.

नियम एकच, सुई अर्धी टाकून उठायचं नाही. आईंना आत शेवटचा व्यायाम सांगितल्याचं ऐकू आलं की नवी सुई सुरू करत नाही. आज मधला एक टाका पडला आणि चार सुया खाली घसरला. घाबरायचं कारण नसतं. क्रोशाची सुई घालायची, पडलेला टाका तिच्यावर घ्यायचा, त्याच्या वरचा आडवा धागा त्यातून ओढून काढायचा, मग त्याच्या वरचा, असं करत चारही चढवले की टाका पुन्हा आपल्या जागी. समोरच्या आजोबांनी हे सगळं टक लावून पाहिलं आणि "जमलं!" म्हणाले. त्यांच्या बायकोनं असेच स्वेटर विणले होते, म्हणे, आणि अजून एक टिकून आहे.

रात्री ९:४०

भांडी झाली, लेकीचा अभ्यास झाला, आणि गोधडी पसरली.

गोधडीला जमीन लागते. ती सोफ्यावर घेऊन होत नाही, मांडीवर होत नाही. पसरायला, सारखी करायला, नंतर गुंडाळून कपाटावर ठेवायला दहा मिनिटं जातात, म्हणून पाऊण तास हाताशी नसेल तर मी ती काढतच नाही. आज तास आहे.

ही गोधडी आईंच्या आईच्या लुगड्यांची. नऊवारी म्हणजे २७ फूट. साडेसहा फुटांचे चार पदर निघतात आणि वर फूटभर तुकडा उरतो. पाचवारीतून दोनच निघतात. म्हणून जुन्या बायका एक लुगडं विरलं की त्यात एक पुरी गोधडी बघत असत. लुगडं सुतीच हवं, आणि वापरून वापरून मऊ झालेलं. सिंथेटिक साडी मध्ये घातली तर पदर एकमेकांवरून सरकतात आणि घाम टिपला जात नाही. आधी चारही कोपऱ्यांवर डबे ठेवून कापड ताणायचं, लांब लांब कच्चा धावदोरा घालायचा, आणि मग कडेपासून आत आत, बोटभर अंतरानं, फेरी घालत मध्याकडे यायचं. मधोमध पोचेपर्यंत शिवणारी गोधडीवरच बसलेली असते.

आईंचं माहेर बेळगावकडचं खानापूर. त्या सांगतात, तिकडे हळियाळच्या बाजूला सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे गोधडीसारखंच पांघरूण, शिवतात, तीही कडेनं सुरू करून आत. आणि शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचं एकेक त्रिकोणी फूल लावतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. आईंनी यंदा आपल्याही गोधडीला फुलं लावायची म्हटलंय. महाराष्ट्राच्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी एक आख्खं पुस्तक केलं आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गोधडीकडे बघत राहिल्या. "घरातल्या पांघरुणाचं पुस्तक? बरं केलं की त्यांनी," म्हणाल्या.

आईंना आता सुईत दोरा ओवता येत नाही. त्यावर लेकीनं तोडगा काढला. रविवारी ती डझनभर सुया ओवून उशीत टोचून ठेवते, आणि आजी आठवडाभर एकेक काढून घेते.

"अगं, एवढा लांब दोरा कशाला घेतलीस?" आईंनी माझ्या हाताकडे बघितलं. "हातभर घे. लांब दोरा गुंततो, आणि सोडवायला तुझाच वेळ जातो की."

मी दोरा कापून अर्धा केला. आम्ही दोघी दोन कडांना बसून एकाच फेरीत पुढे सरकतो. त्यांचा टाका माझ्यापेक्षा बारीक आणि एकसारखा आहे, आणि तो मला उलट्या बाजूनंही ओळखता येतो. मी त्यांच्या टाक्याशी जुळवून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनीच थांबवलं: तुझा तुझ्यासारखा पडू दे, दोघींनी शिवली हे कळायला हवं.

रात्री १०:५०

या आठवड्यात गोधडीच्या बाहेरच्या दोन फेऱ्या झाल्या. पावसाळा संपायच्या आत मध्यावर यायचं, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात एकदा धुऊन खडखडीत वाळवता येईल. भिजलेली गोधडी गॅलरीच्या दोरीवर दमट हवेत टाकली तर कुबट वास धरते. चादरीचे चौकोन मात्र दिवाळीच्या पुढे जाणार, कारण लेकीला आता मध्ये पिवळाही हवा आहे. पिवळे गुंडे वरच्या खणात आहेत. सकाळी गॅलरीत नेऊन बघते, कोणता पिवळा घ्यायचा ते.