मत्स्यपेटीत खाद्य अधिक पडल्यास काय करावे?

महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या एप्रिल महिन्यात मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा दिला. त्यापूर्वी, २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभेच्या माशांच्या परसातील संगोपनासाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली होती. त्यामुळे शेततळ्यात कटला व रोहू सोडणारा शेतकरी आणि घरातील काचेच्या पेटीत गोल्डफिश, गप्पी वा मोली पाळणारे कुटुंब, या दोहोंचे प्रश्न आता विस्तार-कार्यकर्त्याकडे येऊ लागले आहेत. त्यांपैकी वरचेवर येणारा एक प्रश्न म्हणजे अधिक पडलेल्या खाद्याचा होय.

पवनेच्या काठचे रहाटणी हे गाव येथे उदाहरणादाखल घेण्याजोगे आहे. एके काळचे हे शेतीचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा वस्तीत गाय-म्हैस पाळणे कठीण. परंतु जीव पाळण्याची हौस काचेच्या पेटीवर भागविता येते. घरची मंडळी यात्रेसाठी किंवा लग्नकार्यासाठी गावी जातात आणि खाद्याचा डबा शेजाऱ्यांच्या हाती देतात; किंवा घरातील लहान मूल माशांना भूक लागली असेल या मायेने डबा पेटीत उपडा करते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ताकासारखे पांढुरके झालेले, त्यास कुबट वास येत असलेला आणि मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून धापा टाकत असलेले दिसतात.

अशा वेळी बहुधा दोन चुका घडतात. कोणी 'मासे हळूहळू खातील' म्हणून स्वस्थ बसतो. तर कोणी घाबरून पेटी रिकामी करतो, वाळू व काच साबणाने घासतो आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे पुन्हा आत सोडतो. पहिल्या चुकीने मासे रात्रीतून मरतात, दुसरीने दोन-चार दिवसांत. म्हणून पाण्यात नेमके काय घडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

पाण्यात काय घडते?

१८ इंच लांब, १२ इंच रुंद व १२ इंच उंच अशा लहान पेटीत, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता, सुमारे ३५ लिटर पाणी राहते. २५ अंश सेल्सिअस उष्णतामानास एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. म्हणजे संपूर्ण पेटीत एका वेळी २८० मिलिग्रॅम, अर्थात पाव ग्रॅमच्या थोडा वर इतकाच प्राणवायू असतो. आता या पेटीत १० ग्रॅम कोरडे खाद्य पडले असे समजा. ते पूर्णपणे कुजण्यास साधारणतः त्याच्याच वजनाइतका प्राणवायू लागतो. म्हणजे पेटीतील साठ्याच्या तीसपटींहून अधिक. हवेतून प्राणवायू सतत मिसळत असतो हे खरे. परंतु कुजविणारे जिवाणू तो त्याहून वेगाने संपवितात. पाण्याचा पांढुरकेपणा म्हणजे या जिवाणूंचीच अफाट वाढ होय. मासे वर येऊन धापा टाकतात ते भुकेने नव्हे, तर गुदमरल्याने. हे न कळल्यामुळे कित्येकदा त्यांना आणखी खाद्य घातले जाते.

दुसरे संकट डोळ्यांस दिसत नाही. माशांच्या खाद्यात प्रथिनांचे प्रमाण मोठे असते. ते शेकडा ४० धरले, तर १० ग्रॅम खाद्यात ४ ग्रॅम प्रथिने आणि त्यांत सुमारे ६४० मिलिग्रॅम नत्र असते. खाद्य कुजताना हे नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते. ते सर्व उतरल्यास ३५ लिटर पाण्यात दर लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम इतके प्रमाण होईल. अमोनिया दर लिटरला अर्धा मिलिग्रॅम दिसू लागला, तरी माशांचा सांभाळ करणाऱ्याने सावध व्हावयाचे असते.

निसर्गाने या अमोनियाच्या बंदोबस्ताची सोय केली आहे आणि ती शेतकऱ्यास अपरिचित नाही. शेणखतातील व युरियातील नत्राचा अमोनिया होतो, त्याचे जमिनीतील जिवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि पीक ते नायट्रेट घेते. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखविले. त्यांच्याच जातीचे जिवाणू मत्स्यपेटीतील वाळूवर, काचेवर व विशेषतः गाळणीच्या स्पंजावर वस्ती करून राहतात. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. कुजविणारे जिवाणू अनुकूल परिस्थितीत तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात. अमोनियाचा निकाल लावणाऱ्यांना दुप्पट होण्यास बहुधा अर्धा ते एक दिवस वा अधिक काळ लागतो. नव्या पेटीत त्यांची वस्ती पुरेशी जमण्यास चार ते सहा आठवडे जातात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घाण काढावयाची आहे ती खाद्याची. जिवाणूंची वस्ती मात्र राखावयाची आहे. पेटी धुऊन चकचकीत करणारा मनुष्य नेमके उलट करतो. तो माशांची सफाई-व्यवस्थाच नळाखाली वाहवून देतो.

तातडीचे उपाय

१. खाद्य ताबडतोब बाहेर काढावे. तरंगणारे खाद्य चहाच्या स्वच्छ गाळणीने किंवा बारीक जाळीने उचलावे. ते बुडण्यापूर्वी काढले, तर निम्मे काम होते. त्या वेळेपुरता गाळणीचा पंप दहा मिनिटे बंद ठेवावा, म्हणजे खाद्य तिच्यात ओढले जाणार नाही. काम होताच पंप आठवणीने सुरू करावा.

२. तळाशी बसलेले खाद्य नळीने ओढून घ्यावे. बोटाएवढ्या जाडीची चार-पाच फूट स्वच्छ रबरी नळी पाण्याने भरून घ्यावी, दोन्ही टोके अंगठ्याने दाबावी, एक टोक पेटीत व दुसरे खाली ठेवलेल्या बादलीत सोडावे. पिंपातून डिझेल काढण्याची रीत ज्यास ठाऊक आहे, त्यास हे नव्याने शिकावे लागणार नाही. मात्र नळी तोंडाने ओढू नये. वाळू ढवळू नये; केवळ तिच्या पृष्ठभागावरून नळी फिरवावी.

३. या रीतीने एकतृतीयांश पाणी काढून तितकेच मुरलेले पाणी सावकाश भरावे. नव्या व जुन्या पाण्यात हात घालून पाहावे. उष्णतामानात फरक जाणवता कामा नये.

४. हवेचा पंप चालू ठेवावा. वीज नसल्यास पेटीतीलच पाणी तांब्याने घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत ओतत राहावे. दर अर्ध्या तासास पाच मिनिटे असे केले तरी मासे तग धरतात.

५. दोन ते तीन दिवस खाद्य संपूर्ण बंद ठेवावे. निरोगी मोठा मासा आठवडाभरही उपाशी राहू शकतो. गोल्डफिशला तर खरे जठरच नसते. एका वेळी पुष्कळ खाऊन साठविणे त्यास शक्य नाही.

६. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. तो खाद्याने भरला असल्यास पेटीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोन-तीनदा हलक्या हाताने पिळून परत बसवावा.

७. पुढील चार-पाच दिवस दररोज चतुर्थांश ते एकतृतीयांश पाणी बदलावे. पांढुरकेपणा व वास गेला आणि मासे मधल्या थरात सहज पोहू लागले, म्हणजे पेटी सावरली असे समजावे.

मासे आधीच आडवे पडू लागले असतील आणि पाण्यास सडका वास येत असेल, तर वाट पाहू नये. मुरलेल्या पाण्याच्या टोपलीएवढ्या घमेल्यात वा टबात मासे हलवावे, त्यात हवेची नळी सोडावी आणि मग पेटीचे काम करावे. अशा वेळीही स्पंज पेटीच्या पाण्यात भिजताच ठेवावा, वाळू द्यावयाचा नाही.

कोणते पाणी भरावे?

रहाटणीसारख्या वस्तीत दोन प्रकारचे पाणी मिळते. महानगरपालिकेचे पाणी पवना धरणातून येते. शुद्धीकरणात त्यात क्लोरीन मिसळलेले असते. माणसास ते हितकर, परंतु माशांच्या कल्ल्यांस व उपयुक्त जिवाणूंस घातक असते. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवल्यास साधा क्लोरीन उडून जातो. शहरात २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाल्यापासून घरोघरी पाणी साठविणे अपरिहार्य झाले. मासे पाळणाऱ्याने त्यातील एक बादली नेहमी माशांच्या नावाने राखून ठेवावी. निकड असल्यास दुकानात मिळणारे क्लोरीननाशक थेंब वेष्टनावरील प्रमाणात वापरावे.

दुसरे पाणी कूपनलिकेचे. त्यात क्लोरीन नसतो म्हणून कित्येक जण ते निर्धास्त वापरतात. परंतु ते बहुधा जड असते व त्याचा सामू अधिक असतो. सामू हा शब्द माती परीक्षणामुळे शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. खाद्य कुजलेल्या पेटीचा सामू उतरलेला असतो आणि अशा पाण्यात बराचसा अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. २५ अंश उष्णतामानास सामू ७ असता त्याचा विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी असतो. सामू ८ झाला की तो शेकडा पाचांवर जातो, म्हणजे सुमारे नऊपट होतो. अर्धे पाणी बदलून अमोनिया निम्मा केला आणि त्याच वेळी सामू ७ वरून ८ वर नेला, तर विष कमी न होता चौपटीहून अधिक वाढते. पाणी बदलल्यावर मासे एकाएकी मेले, याचे कारण कित्येकदा हेच असते. यास्तव कूपनलिकेचे पाणी वापरणे भागच असेल, तर ते थोडे थोडे, दिवसातून दोन-तीन वेळा, भरावे.

औषधे व इतर उपाय

पाणी गढूळ दिसताच निळे औषध घालण्याची प्रथा आहे. हा आजार माशाचा नव्हे, पाण्याचा आहे. औषधाने स्पंजावरील उपयुक्त जिवाणू मात्र मरतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होय. सांडलेले खाद्य खाण्यासाठी नवे मासे वा गोगलगाई आणून सोडणेही व्यर्थ आहे. त्या खातील त्याहून अधिक घाण करतील व प्राणवायूतील वाटेकरी वाढतील.

साध्या मिठाचा मात्र एक उपयोग आहे. काही दिवसांनी अमोनियाचे नायट्राइट होऊ लागते आणि ते कल्ल्यांतून रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. मिठातील क्लोराइड त्यास कल्ल्यांपाशीच अडवते. दर लिटरला अर्धा ते एक ग्रॅम मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू मिसळावे. पेटीत नाजूक पाणवनस्पती किंवा खवले नसलेले मासे असल्यास अर्ध्या ग्रॅमच्या वर जाऊ नये.

काढलेले पाणी व नको झालेले मासे

पेटीतून काढलेले पाणी नत्रयुक्त असते. मीठ घालण्यापूर्वीचे हे पाणी तुळशीस व सज्जातील कुंड्यांस घालावे. ते सौम्य खतच आहे.

परंतु या प्रसंगाने कंटाळून पेटीतील मासे पवनेत सोडू नयेत. पवना दापोडीजवळ मुळेस मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेस मिळते आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात जाते. काच साफ करण्यासाठी पेटीत ठेवला जाणारा परदेशी सकर मासा उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. तो बाजारात विकला जात नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. रहाटणीच्या दिवाणखान्यातील कंटाळा इंदापूर-करमाळ्याच्या मच्छीमारास असा महाग पडू शकतो.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

दोन ते तीन मिनिटांत मासे संपवतील इतकेच खाद्य दिवसातून एकदा किंवा दोनदा द्यावे. पाच-सहा लहान माशांस ती एक चिमूट होते. गावी जाताना तीन-चार दिवसांचा प्रश्न असल्यास खाद्य न देणेच उत्तम. अधिक दिवस जावयाचे असल्यास दर दिवसाची एक अशा कागदाच्या पुड्या बांधून शेजाऱ्यांकडे द्याव्या आणि डबा कपाटात ठेवावा. मुलांनाही पुडीच द्यावी. त्यांची हौस भागते व माशांचा जीव वाचतो.

शेततळ्यासही हाच नियम लागू आहे. तेथे खाद्य पाण्यात फेकून न देता दोरीस बांधलेल्या टोपलीतून द्यावे आणि तासाभराने टोपली वर काढून पाहावी. खाद्य शिल्लक असेल तर दुसऱ्या दिवशी तितके कमी करावे. आभाळ भरून आलेले असता खाद्य कमी करावे किंवा बंद ठेवावे. कारण पाण्यातील प्राणवायू पहाटे, सूर्योदयापूर्वी, सर्वांत कमी असतो व मासे त्याच वेळी दगावतात. ३५ लिटरच्या पेटीत चार मासे मरतात, तर तळ्यात वर्षाची मिळकत बुडते, एवढाच फरक.

ग्रामसेवकांनी गावातील शाळेत किंवा घरी अशी पेटी असल्यास ती पाहून नळीने पाणी काढण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. अति तेथे माती, हे प्रत्येकास ठाऊक असते. पाण्यात ती माती कशी होते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी आपल्या तळ्यात खाद्य टाकताना हात आखडता घेईल.