कुंपणाला काय लावाल? अडुळसा की फाउंटन ग्रास?

हल्ली नर्सरीत जांभळ्या फाउंटन ग्रासला फार मागणी आहे. दिसतंच तसं! तुऱ्यांवर सकाळचं ऊन पडलं की नजर हटत नाही. पण त्याला दिवसभर ऊन हवं. सावलीत जांभळा रंग हिरवट पडतो. मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही आणि वर्षातून एकदा बुडापासून छाटावं लागतं.

माझं मत मात्र अडुळशाला. पावसाळ्यात जून फांदीचा वीतभर तुकडा खोचा, सहज जगतो. बारमाही हिरवा, पुरुषभर उंच. पान इतकं कडू की शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला उत्तम. फूल जवळून पाहा: पांढऱ्या ओठासारख्या पाकळीवर जांभळट रेघा असतात. मधमाश्या त्यावर नेमक्या उतरतात.

पानांतलं व्हॅसिसिन कफावर गुणकारी. त्याच्याच अभ्यासातून ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचं औषध तयार झालं. पण गरोदरपणात अडुळसा घेऊ नये, गर्भाशयाचं आकुंचन होऊ शकतं. इतरांनीही वैद्यांना विचारूनच घ्यावा.

गवत लावायचंच असेल तर जांभळं 'रुब्रम' घ्या, त्याला बी जवळजवळ धरत नाही. मूळची हिरवी जात बियांनी झपाट्याने पसरते. हवाईत तिने माळरानं व्यापली, वाळलेल्या गवताने वणवे वाढले. युरोपीय संघाने 2017 मध्ये तिला उपद्रवी परकीय वनस्पतींच्या यादीत टाकलं. डोंगराजवळ घर असेल तर ती हिरवी जात कृपया लावू नका.