डिस्क भरते बाराव्या दिवशी

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की कॉलेजात दोन गोष्टी हमखास व्हायच्या. भिंतींना रंग लागायचा आणि कोपऱ्याकोपऱ्यांत कॅमेरे बसायचे. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून प्राचार्य मीटिंगमध्ये म्हणाले, "मॅडम, ते कॅमेऱ्यांचं तेवढं तुम्ही बघा." विषय तिथंच संपला. तेव्हापासून ऑफिसमागच्या खोलीतला, रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर, त्याचा पासवर्ड आणि त्यावरच्या सगळ्या कुरबुरी माझ्या गळ्यात आहेत.

ॲडमिशनच्या दिवसांत पालक विचारतात, "कॅमेरे आहेत ना?" आहेत म्हटलं की निर्धास्त होतात. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, हे कुणी विचारत नाही. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा चोवीस तास चालला तर चित्र चांगलं दाबून साठवलं तरी दिवसाला २० जीबीच्या आसपास जागा खातो. असे १६ कॅमेरे म्हणजे ३२० जीबी. ४ टीबीची डिस्क बारा दिवसांत भरते आणि मग सगळ्यात जुन्या दिवसावर नवा दिवस चढायला लागतो.

आता तक्रार कशी येते ते बघा. आमच्या एका मुलीच्या मागे एक मोटरसायकलवाला लागला होता. आधी ती मैत्रिणीशी बोलली, मग वाट बदलून पाहिली. घरी सांगावं तर कॉलेजच बंद व्हायचं, ही धास्ती. शेवटी लायब्ररीतल्या मॅडमपाशी बोलली. माझ्यापर्यंत गोष्ट पोचली तोवर तीन आठवडे उलटले होते आणि डिस्कवर त्या दिवसांचं काही उरलं नव्हतं. मुलींच्या बहुतेक तक्रारी अशाच येतात, उशिरा आणि चाचपडत. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांना रेकॉर्डिंग १८ महिने, अगदीच जमलं नाही तर निदान वर्षभर ठेवायला सांगितलं. कॉलेजला एवढं नाही परवडणार, पण दोन महिने तरी? मोठी डिस्क मागितली तर "पुढच्या बजेटला बघू" असं उत्तर मिळतं.

रात्रीची गंमत आणखी वेगळी. अंधार पडला की कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. सकाळी बघावं तर गेटवरच्या कॅमेऱ्यात रात्रभर एक पांढरं जाळं हलतंय आणि मागं गाडी आली की गेली ते कळत नाही. गाडीची नंबरप्लेट तोच प्रकाश परत फेकते, त्यामुळे आकड्यांच्या जागी नुसता पांढरा चौकोन. महागडा कॅमेरा सुचवणारे पुष्कळ भेटतात. आमच्या वॉचमन मामांनी दर शनिवारी केरसुणी फिरवायला सुरुवात केली, तेव्हा निम्मं काम झालं.

फुटेज हाती लागलं तरी कोर्टात टिकायला कागद लागतो. याबद्दलचा गाजलेला निकाल आपल्या जालन्याच्या खटल्यातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला, असं प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं की, मूळ यंत्र कोर्टापुढे आणलं नसेल तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती अट आहे. आमचे क्लार्क मात्र अजून स्क्रीनसमोर मोबाईल धरून व्हिडिओ काढतात आणि व्हॉट्सॲपवर टाकतात.

कॅमेऱ्यानं गुन्हे थांबतात का? जगभरच्या चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले, सर्वांत ठळक फरक वाहनतळांवर. मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षणीय परिणाम आढळला नाही. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या पार्किंगमधली पेट्रोलचोरी खरोखरच थांबली. माणसाला माणसाचा होणारा त्रास थांबवायला दुसरा माणूसच जवळ असावा लागतो.

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहात ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलाचा मृत्यू झाला. रॅगिंगचा आरोप झाला आणि लगेच कॅमेऱ्यांची ओरड सुरू झाली. पण रॅगिंगविरोधी नियम यूजीसीनं २००९ मध्येच केलेत. नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवा, वसतिगृहात अचानक फेऱ्या मारा, असं त्यांत आहे. त्या वसतिगृहात शिक्षण संपलेले माजी विद्यार्थीही मुक्कामाला होते. ते कळायला कॅमेरा कशाला हवा? रेक्टरनं एकदा हजेरी घेतली असती तरी पुरे होतं.

आमच्या मुली कॅमेऱ्याला नाही म्हणत नाहीत. त्यांचा प्रश्न एवढाच असतो, "मॅडम, हे बघतं कोण?" प्रश्न रास्त आहे. खोल्या आणि बाथरूमचा तर सवालच नाही, तिथं चोरून चित्रीकरण करणं हा गुन्हाच आहे. पण व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यावरून कोण कुणाशी बोलत उभं होतं, याची चर्चा ऑफिसात चहाबरोबर व्हायची. एकदा एका मुलीच्या घरीही फोन गेला. हे सुरक्षेच्या नावाखाली खपवून घेणं मला मान्य नव्हतं.

म्हणून एक वही केली. फुटेज कुणी पाहिलं, कोणत्या तारखेचं, कशासाठी, आणि पाहताना सोबत कोण होतं. तक्रार आली की त्याच दिवशी ते फुटेज पेनड्राईव्हवर काढून सीलबंद करायचं, हेही त्यातच लिहिलंय. मध्यंतरी एक पालक आले, मुलगी कँटीनला कुणाबरोबर बसते ते त्यांना बघायचं होतं. वही पुढे सरकवली. कारणाच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं, मग ते चहा घेऊन निघून गेले. वहीतली सगळ्यात ताजी सही खुद्द प्राचार्यांची आहे. कारण: स्टाफरूमबाहेरून चपला गेल्या.